बिघाड लाइनीत, दंड शेतकऱ्याला



कपाशीची पाने लाल पडली की दुकानदार शेत न बघताच बाटली काढून देतो. लाल्या कशाने आला, मॅग्नेशियम कमी पडले, नत्र संपले, पाणी साचले की तुडतुडे बसले, हे विचारायला त्याला सवड नसते. बाटली खपते आणि लाल्या तसाच राहतो. घरचे इंटरनेट बंद पडले की कंपनीच्या फोनवर जे उत्तर मिळते ते याच जातीचे. डबा बंद करून पुन्हा चालू करा. केला. पुन्हा एकदा करा. तेही केले. आता तुमचा मोबाईलच जुना असेल. म्हणजे रोग कुठे आहे हे न बघताच रोगी ठरवून टाकला, आणि तो रोगी नेहमी शेतकऱ्याच्या घरातच निघतो.

इस्लापूर भागात, किनवटच्या या डोंगरपट्ट्यात नेट येते-जाते हे नवे सांगायला नको. पुण्या-मुंबईत नेट गेले तर सिनेमा थांबतो. आपल्याकडे नेट गेले की काय थांबते ते बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतात उभे राहून फोटो काढा, नोंद चढवा, नाहीतर सातबाऱ्यावर पीक दिसणार नाही. पीएम किसानच्या हप्त्याला ई-केवायसी आली. पीकविम्यात गारपिटीने किंवा पुराने झालेले नुकसान ७२ तासांत कळवण्याची अट होती; २०२५ च्या खरिपात राज्याने विमा पीक कापणी प्रयोगावर आणून ठेवला तेव्हा ती मागे पडली, पण तोवरच्या हंगामांत ७२ तासांतले किती तास रेंज शोधण्यात गेले याचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही. आणि २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाने 'कपास किसान' ॲप आणले. हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये जाहीर. पण आधी ॲपवर नोंदणी, मग ॲपवर स्लॉट, आणि मगच गाडी केंद्रावर.

ज्यांना एकाधिकार खरेदी आठवते त्यांना गाड्यांच्या रांगाही आठवत असतील. १९७२ साली ती योजना सुरू झाली आणि शेजारच्या आदिलाबादच्या बाजारात आपला कापूस नेणे हा गुन्हा ठरला. त्या योजनेबद्दल चांगले बोलावे असे आमच्याकडे काही नाही. पण रांग डोळ्यांना दिसत तरी होती. पुढे किती गाड्या, कोण मधे घुसला, हे कळत होते आणि ओरडता येत होते. आता रांग मोबाईलच्या आत गेली. पडद्यावर चक्र फिरत राहते, आपण रांगेत आहोत की रांगेबाहेर ते कळत नाही, आणि ओरडावे तर कुणावर? योगायोग असा, की याच २०२५ साली १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. परदेशी गाठीला बंदरात स्लॉट मिळाला नाही अशी तक्रार आम्ही तरी ऐकलेली नाही.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की बिघाड कुठे आहे ते आपण स्वतः ओळखायला शिकू. याला पदवी लागत नाही. ज्वारीचा पोंगा वाळला तर आपण तो उपटून खोडमाशीची अळी आहे का ते बघतो ना, तेवढेच.

सर्वांत आधी वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पक्के करा. वाय-फाय म्हणजे घरातल्या डब्यापासून मोबाईलपर्यंतचा टप्पा. इंटरनेट म्हणजे डब्याच्या पलीकडची वाट. मोबाईलवर वाय-फायची खूण पूर्ण दिसते आणि पान उघडत नाही, म्हणजे घरातला पाट धड आहे, पण कालव्यातच पाणी नाही. खात्री करायची असेल तर डब्याच्या खाली चिकटवलेला आकडा बघा, बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. तो मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाका. डब्याचे पान उघडले तर घरातला टप्पा चालू आहे, बिघाड पुढे आहे. तेही उघडले नाही तर बिघाड घरात आहे, आणि तो आपण दुरुस्त करू शकतो.

घरातले बिघाड थोडेच असतात. पत्रा वाय-फायची लहर अडवतो, जाड मातीची भिंत ती खाऊन टाकते. डबा लोखंडी कपाटात, पत्र्याच्या पेटीमागे किंवा पाण्याच्या टाकीआड ठेवला असेल तर काढून उंचावर, मोकळा ठेवा. डब्याची दोन नावे दिसत असतील तर ज्यात ५जी लिहिले आहे ती लहर वेगवान पण जवळची, दुसरी, २.४ ची, लांब जाते. ओसरीवर बसून काम करायचे तर दुसरी धरा. (हे ५जी म्हणजे टॉवरचे ५जी नव्हे. नावे ठेवणाऱ्याने गोंधळ करून ठेवला आहे.) विजेचा दाब पडला की डबा आपोआप बंद-चालू होत राहतो आणि दोष मात्र लाइनीला दिला जातो. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात; त्याला जोडायची छोटी बॅटरी बाजारात मिळते. मोबाईलच्या सिमवर नेट घेणाऱ्यांनी रोजचा कोटा संपला का तेही बघावे. तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर आणतात, नेट चालू दिसते आणि चालत मात्र काही नाही.

आता घराबाहेरचे. फायबरच्या तारेतून वीज जात नाही, उजेड जातो. डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर उजेड घरापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. डब्याजवळ तार मुडपली आहे का, उंदराने कुरतडली आहे का एवढे बघा, आणि नसेल तर बिघाड बाहेरचा. तुटलेल्या तारेच्या टोकात डोळा घालून बघू नका. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो. लाइनमन आला की त्याच्या मीटरवर उजेड किती भरतो ते विचारा. उणे १५ ते उणे २५ असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला की जोडणी तुटू लागते. हा आकडा तो सांगत नसेल तर मागून घ्या, तो गुपित नाही.

टॉवरवरच्या नेटचा रोग वेळेवरून ओळखू येतो. पहाटे पाचला चालते आणि रात्री आठला चालत नाही, तर टॉवरवर गर्दी जास्त आणि ताकद कमी. वीज गेल्यावर काही वेळाने रेंज जाते, तर टॉवरची बॅटरी मेलेली आहे आणि जनरेटरला डिझेल नाही. रस्त्याचे काम सुरू झाले आणि चार गावे एकदम बंद पडली, तर जेसीबीने तार तोडली. खोदण्याआधी तारवाल्यांना कळवावे म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये एक खास ॲप काढले. आपला ठेकेदार ते उघडतो का, हे त्यालाच विचारा.

हे सगळे वहीत उतरवा. तारीख, गेले किती वाजता, आले किती वाजता, दिवा कोणता, वीज होती का, तक्रारीचा नंबर काय. तोंडी तक्रार हवेत जाते. वही असली की बोलणे बदलते, हे आम्ही विजेच्या बिलांच्या बाबतीत पाहिले आहे.

कायद्यात आपल्या बाजूने काय आहे तेही माहीत असावे. जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाला ब्रॉडबँड म्हणता येत नाही. कंपनीने तक्रार ऐकली नाही तर तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका मोबाईल कंपनीच्याच खटल्यात निकाल दिला की टेलिफोनची तक्रार ग्राहक आयोगात चालते. पाच लाखांपर्यंतच्या सेवेला तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. नांदेडला आयोग आहे, लातूरला आहे.

ट्रायचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून आले. जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि, १ एप्रिल २०२५ पासून, प्रीपेडवाल्याला मुदतवाढ. वाचायला छान आहे. पण मोजमाप जिल्ह्याचे! नांदेड शहरात नेट धावत असेल तर इस्लापूरची दहा गावे आठवडाभर अंधारात राहिली तरी जिल्हा चालूच धरला जाणार. पावसाचे मोजमाप महसूल मंडळावर होते, मग नेटचे का नको? मंडळात पाऊस कमी पडला तर सरकारला कळते, मंडळात नेट पडले नाही तर कळत नाही, हे आम्हाला पटत नाही.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला आता नेटही फुकट पाहिजे. अजिबात नको. आपण पैसे भरतो. २९९ च्या रिचार्जात पंचेचाळीस रुपयांवर तर नुसता जीएसटी जातो. शिवाय कंपन्यांच्या समायोजित महसुलातून पाच टक्के रक्कम खेड्यापाड्यांत सेवा पोचवण्यासाठी म्हणून केंद्र कापून घेते. तिचे नाव आता डिजिटल भारत निधी. ही रक्कम कंपनी आपल्या खिशातून थोडीच भरते? याच कामाला ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले, मुदती हुकत गेल्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नव्याने १,३९,५७९ कोटी मंजूर करावे लागले. ग्रामपंचायतीत बसवलेल्या डब्याचे दिवे लागतात का, हे ग्रामसभेत विचारा. लागत नसतील तर कधीपासून, हे लेखी घ्या.

दुसरा शहाणा म्हणेल, नेट नसेल तर सेवा केंद्रात जा. जातोच आहोत. एक दिवसाची मजुरी, गाडीभाडे, केंद्राचे पैसे, आणि तिथे गेल्यावर सर्व्हर डाऊन. कचेरीतला सर्व्हर बंद पडला की मुदत वाढते. कपास किसानच्या नोंदणीची मुदत सप्टेंबर २०२५ अखेरची होती, ती पुढे वाढवावी लागलीच. म्हणजे मुदत काही दगडावरची रेघ नाही. मग गावाचे नेट बंद पडले तर त्या गावाची मुदत का थांबत नाही?

जिल्हा बैठकीत ठराव मांडायचा तो एवढाच. ज्या कामाला शासन ॲपची सक्ती करते, त्या कामात गावचे नेट बंद असल्याची नोंद असेल तेवढे दिवस मुदतीत धरू नयेत. ही नोंद कंपनीकडून मंडळनिहाय मागवून तहसीलच्या फळ्यावर लावावी. आणि प्रत्येक खरेदी केंद्रावर, प्रत्येक तलाठी सजात कागदावर नोंद घेणारे एक टेबल ठेवावे. टेबलाला रेंज लागत नाही.

ठरावाला जोडायला वह्या लागतील. प्रत्येक गावातून निदान पाच घरांनी आजपासून महिनाभर नेट गेल्या-आल्याची वेळ लिहावी, तक्रारीचा नंबर शेजारी टाकावा, आणि बैठकीला येताना वही सोबत आणावी. ज्यांच्या घरी नेट नाही त्यांनी मोबाईलला रेंज कुठल्या बांधावर, कुठल्या टेकाडावर लागते ते लिहून आणावे.