उमेदवारीचे दिवस

१८ एप्रिल १९८१ ची रात्र. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात पॉटकेट नावाचे एक जुने गिरणगाव आहे. तिथे त्या रात्री बेसबॉलचा एक सामना सुरू झाला. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत पुढे डाव खेळवत राहायचे, असा शिरस्ता. त्या रात्री निकाल लागेचना. मध्यरात्र उलटली. एप्रिल असूनही थंडी अशी की खेळाडूंनी तुटलेल्या बॅटी पेटवून हात शेकले. अखेर पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी खेळ थांबवण्यात आला, तेव्हा ३२ डाव झाले होते आणि स्टेडियममध्ये मोजून १९ प्रेक्षक उरले होते.

गंमत अशी की हा काही अजिंक्यपदाचा सामना नव्हता. बोस्टन आणि बाल्टिमोर या बड्या संघांच्या हाताखालच्या धाकट्या संघांची ही साधी साखळी लढत होती. मैदानावरच्या बहुतेक खेळाडूंची नावे त्यांच्या गावाबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. मग ते १९ जण कुडकुडत कशासाठी बसले होते? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपण क्रीडाप्रेमाच्या एका वेगळ्याच प्रकाराशी येऊन पोहोचतो. झालेल्या खेळाडूपेक्षा होऊ घातलेल्या खेळाडूवर जीव लावण्याचा हा प्रकार आहे.

आपल्याकडे रणजी खेळून कसोटीपर्यंत जायचे असते. पण रणजी संघ कुणा कसोटी संघाच्या मालकीचा नसतो. अमेरिकेत तसे नाही. तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे मेजर लीगमध्ये, ३० संघ आहेत आणि प्रत्येकाशी खालच्या पायरीवरचे चार संघ जोडलेले असतात. तळाशी सिंगल-ए, मग हाय-ए, डबल-ए आणि सर्वांत वर ट्रिपल-ए. या साऱ्याला मिळून म्हणतात मायनर लीग. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा करारावर सही करतो आणि एकेक पायरी चढू लागतो. सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाचे चालक ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात या पद्धतीची घडी बसवली. तयार खेळाडू महागात विकत घेण्यापेक्षा आपणच रोपे लावून वाढवावीत, हा त्यांचा हिशेब. म्हणून तिचे नावही पडले ‘फार्म सिस्टीम’, म्हणजे सरळसरळ शेती!

या शेतातल्या रोपाला अमेरिकन माणूस ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतो. आपल्या भाषेत त्याला फार नेमका शब्द आहे, उमेदवार. निवडणुकीने हा शब्द पळवला असला, तरी पूर्वी कुणी कारखान्यात, छापखान्यात किंवा वकिलाच्या हाताखाली काम शिकायला लागला की ‘तो उमेदवारी करतोय’ असे म्हणत. हातात अजून काही नाही. आहे ती फक्त उमेद. मायनर लीगमधल्या खेळाडूचे याहून चांगले वर्णन सापडायचे नाही.

या उमेदवारांचा माग काढणारा चाहता ही खास अमेरिकन वल्ली आहे. त्याचा लाडका संघ मेजर लीगमध्ये तळाशी असेल. पण तो सकाळी उठून आधी पाहतो ते ट्रिपल-ए आणि डबल-ए सामन्यांचे धावफलक. या धाकट्या संघांची नावेही मोठी मजेशीर. मॉन्टगोमेरीची ‘बिस्किटे’, ॲक्रनची ‘रबरी बदके’, आणि मोटारींच्या मिशिगन राज्यात लॅन्सिंगचे ‘चाकाचे नट’. चाहता पोराबाळांना घेऊन या गावांत जातो, स्वस्तातले तिकीट काढून कुंपणालगत बसतो आणि एखाद्या विशीतल्या पोराची सही घेऊन ठेवतो. ‘हा एक दिवस मोठा होणार, आणि मी त्याला इथे पाहिलाय!’ हे सांगण्याचे सुख त्याला हवे असते. १९४६ साली मॉन्ट्रियलच्या धाकट्या संघात खेळणाऱ्या जॅकी रॉबिन्सनला ज्यांनी पाहिले, त्यांना हे सुख मिळाले. पुढच्याच वर्षी तो ब्रुकलिनकडून मेजर लीगमध्ये उतरला आणि आधुनिक काळातली तिथली वर्णभेदाची भिंत कोसळली.

हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला तर या उमेदवारांशिवाय दुसरा आधारच नसतो. ‘यंदा नाही, पण दोन वर्षांनी बघा’ असे तो म्हणतो, तेव्हा त्याला हसू नये. संसारात आपण सारेच थोडेफार याच वाक्यावर जगत असतो.

पण उमेदीचाही बाजार होतो. खेळाडू हेरणारी माणसे पोराची फलंदाजी, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण यांना २० ते ८० असे गुण देतात. ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाने १९९० पासून दरवर्षी पहिल्या १०० उमेदवारांची यादी छापायला सुरुवात केली. आज तर अशा याद्यांचा सुकाळ आहे. यादीत वर चढलेल्या पोराचा भाव वधारतो, खाली घसरलेल्याचा पडतो. शेअर बाजाराचे पान वाचावे तशी ही नावे वाचली जातात.

या भाकितांचे पुढे काय होते? १९९१ साली न्यूयॉर्क यांकीजने ब्रायन टेलर या डावखुऱ्या गोलंदाजाला देशभरातून पहिल्या क्रमांकाने निवडले आणि साडेपंधरा लाख डॉलर दिले. १९९२ च्या यादीत तो अव्वल होता. डिसेंबर १९९३ मध्ये एका मारामारीत त्याचा खांदा दुखावला आणि तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. उलट माइक पियाझा १९८८ च्या निवडीत ६२ व्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर घेतला गेला होता. २०१६ मध्ये तो बेसबॉलच्या मानाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जाऊन बसला. व्हेनेझुएलाच्या होसे आल्तुवेला ‘फार बुटका’ म्हणून चाचणीतून घरी पाठवले होते. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. २००७ मध्ये ह्यूस्टनने त्याला अवघ्या १५ हजार डॉलरवर घेतले आणि दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

याद्या चुकतात, यात नवल नाही. माणसाचे भविष्य कुणाला वर्तवता आले आहे? माझी तक्रार वेगळी आहे. याद्या वाचता वाचता आपली नजर बदलते. पोरगा माणूस राहत नाही, संघाची मालमत्ता होतो. आणि चाहता नकळत मालकाच्या बाजूने विचार करू लागतो.

उदाहरण शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटचे. २०१५ च्या सराव सामन्यांत त्याने नऊ होमरन ठोकले होते. तो मेजर लीगसाठी तयार आहे हे शाळकरी पोरालाही दिसत होते. तरी मोसम सुरू झाला तेव्हा त्याला खाली ट्रिपल-एमध्येच ठेवले गेले आणि १७ एप्रिलला वर बोलावले. हे थोडे दिवस महत्त्वाचे होते. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचे एक पूर्ण वर्ष धरले जाते आणि सहा वर्षांनी खेळाडू मोकळा होतो. ब्रायंटचे भरले १७१. एका दिवसाने त्याच्यावरचा संघाचा हक्क वर्षभर लांबला. क्षेत्ररक्षणात सुधारणा हवी होती, असे क्लबचे म्हणणे. ब्रायंटने दाद मागितली. २०२० मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला. नियमात ते बसत होते. पण त्या एप्रिलमध्ये ‘बरे केले, आणखी एक वर्ष आपल्याकडे राहील’ असे म्हणणारे चाहते कमी नव्हते. ज्या पोरावर आपण जीव लावला, त्याचे वर्षभराचे स्वातंत्र्य गेल्याचा आनंद आपल्यालाच व्हावा, ही कसली माया?

ब्रायंटला निदान पैसा मिळाला. खालच्या पायऱ्यांवरच्या हजारोंचे काय? मेजर लीगच्या ३० संघांत प्रत्येकी २६ म्हणजे ७८० जागा, आणि खाली वाट पाहणारे सुमारे पाच हजार. २०२२ पर्यंत ट्रिपल-ए खेळाडूचे किमान वर्षाचे वेतन होते १७,५०० डॉलर, आणि अगदी तळातल्याचे ४,८००. अमेरिकेत एवढ्यात घरभाडेही भागत नाही. पोरे एका खोलीत दाटीने राहत, रात्र रात्र बसने प्रवास करत आणि हिवाळ्यात मिळेल ते काम धरत. २०१४ मध्ये काहींनी कोर्टात धाव घेतली. तो दावा चालू असतानाच २०१८ मध्ये, दोन हजारांहून अधिक पानांच्या एका खर्च विधेयकात कलम घुसवून, या खेळाडूंना जादा कामाच्या मोबदल्याच्या कायद्यातून वगळण्यात आले. कलमाचे नाव काय, तर ‘अमेरिकेचा आवडता खेळ वाचवा कायदा’!

मालकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. ते म्हणत, ही नोकरी नव्हे, शिकाऊपणा आहे. बळजबरी कुणावर नाही. आणि खर्च वाढला तर छोट्या गावांतले संघ बंद पडतील. पण घडले काय? वेतन तुटपुंजे असतानाच, २०२१ मध्ये मेजर लीगने जोडलेल्या संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. म्हणजे पोरांनी अर्धपोटी राहूनही गावांचे संघ वाचले नाहीतच.

अखेर २०२२ मध्ये मेजर लीगने तो दावा १८.५ कोटी डॉलर देऊन मिटवला. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू संघटनेत सामील झाले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. ट्रिपल-एचे किमान वेतन ३५,८०० डॉलर झाले, तळातले १९,८००. बेसबॉल काही बुडाला नाही. चाहते आजही येतात आणि सह्या घेतात.

उमेदवाराकडे उमेद असते, म्हणून त्याला वेतन कमी चालेल, हा युक्तिवाद आपल्या परिचयाचा आहे. ‘शिकायला मिळतेय ना?’ असे म्हणून राबवून घेणारे सगळीकडे असतात. स्वप्न पाहणारा माणूस घासाघीस करत नाही, हे त्यांना पक्के माहीत असते. शिकाऊ माणसाने थोडक्यात भागवावे, हे एक वेळ मान्य. पण त्याच्या स्वप्नाचीच किंमत त्याच्या पगारातून कापून घ्यावी, हे मान्य होण्यासारखे नाही.

या शेतात दोन भारतीय रोपेही लागली होती. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू. बेसबॉल कधी हातात न धरलेल्या या पोरांना २००८ मध्ये वेगवान फेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. केवढे कौतुक झाले! २०१४ मध्ये त्यांच्यावर ‘मिलियन डॉलर आर्म’ हा चित्रपटही आला. पण चित्रपट येण्यापूर्वीच, २०१० मध्ये, दिनेश संघातून मोकळा झाला होता. रिंकू सिंगल-एपर्यंत चढला. पुढे दुखापतींनी मोसम खाल्ले आणि मग त्याने व्यावसायिक कुस्तीची वाट धरली. मेजर लीग दोघांनाही दिसली नाही. करारावर सही झाली त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी पुढे त्यांची चौकशी केली?

उमेदवाराच्या मागे जायचे तर ते यादीपुरते असू नये, असे मला म्हणावेसे वाटते. तो वर चढला तर आनंद आहेच. पण तिसऱ्या पायरीवर थांबून घरी परतणाराही त्या संध्याकाळी मैदानावर खेळला होता आणि आपण तो खेळ पाहिला होता. तो खेळ खोटा ठरत नाही.

पॉटकेटचा तो अपुरा सामना २३ जूनला पुढे सुरू झाला. मेजर लीगमध्ये तेव्हा संप चालू असल्याने वार्ताहर लोटले होते, प्रेक्षकही पाच हजारांवर होते. निकाल मात्र अठरा मिनिटांत लागला. ३३ व्या डावात डेव्ह कोझाने चेंडू मोकळ्या जागेत मारला आणि पॉटकेट ३-२ ने जिंकले. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सर्वांत लांबलेला सामना. त्यात खेळलेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. विजयी फटका मारणारा कोझा मेजर लीगमध्ये एकदाही खेळला नाही.

त्या पहाटे उरलेल्या १९ जणांना यातले काहीच ठाऊक नव्हते. कोण मोठा होणार, कोण घरी जाणार, याचा हिशेब मांडून ते थांबले नव्हते. समोर पोरे खेळत होती, म्हणून ते बसून राहिले.