त्याला ऐकता येते का?

अलीकडे वधूवरसूचक मंडळांत ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ या स्थळाला मोठा भाव आला आहे. म्हणजे आकडे जमवून त्यांतून अर्थ काढणारा! मुलाला एक्सेल येते, पायथन येते, असे वडील अभिमानाने सांगतात. येवो बापडे! मी मात्र हटकून विचारतो, “त्याला ऐकता येते का?” वडील चमत्कारिक नजरेने पाहतात. त्यांच्यासाठी ही गडचिरोलीची हकिकत.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास तेथे ‘सर्च’ संस्थेचे काम मांडले. खेड्यांत तान्ही मुले न्यूमोनियाने दगावत. त्याची खूण साधी. दोन महिन्यांवरील तान्ह्याचा श्वास मिनिटाला पन्नासावर गेला की धोका. पण मोजणार गावची सुईण, आणि तिला पन्नासपर्यंत मोजता येईना.

एखादा शहरी पंडित म्हणाला असता, “बाई अडाणी, येथून आकडे मिळावयाचे नाहीत.” बंगांनी बाईला नावे ठेवली नाहीत, साधन बदलले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकते मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, की न्यूमोनिया! अक्षरओळख नसलेली सुईण निदान करू लागली.

पुढे गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला. तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात-मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ने १९९९ साली हे छापले.

आणखी एक. ज्या मुलाचा जन्म नोंदला नाही, मरणही नोंदले नाही, ते तक्त्याच्या लेखी जन्मलेच नाही. यंत्राला हे कसे कळावे? त्यासाठी उंबऱ्यावर बसून आईला हळूच विचारावे लागते. स्वयंसेवी संस्थांनी अशी मोजणी केली, तेव्हा बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक निघाले. अहवालाचे नाव काय ठेवले? ‘कोवळी पानगळ’! रुक्ष कोष्टके चाळणारा मंत्रीही त्या दोन शब्दांपाशी थबकावा.

तेव्हा मुलांनो, पायथन अवश्य शिका. पण आकड्यामागचे माणूस कोण, नोंदीतून कोण सुटले आणि हे ज्याला सांगायचे त्याला कळेल कसे, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून तक्ता पुरा झाला असे समजू नका.