लांबलचक नावांचे रस्ते

रायपूरला नव्याने बदलून आलेल्या मराठी माणसाने रिक्षावाल्याला 'डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती चिकित्सालय' असा पत्ता सांगितला, तर तो क्षणभर विचारात पडतो. 'मेकाहारा' म्हटले की तत्काळ निघतो. मेकाहारा हा शब्द कोणत्याही शब्दकोशात नाही. 'मेडिकल कॉलेज हॉस्पिटल रायपूर' या चार शब्दांच्या आद्याक्षरांतून लोकांनी तो घडवला. ज्या महापुरुषाच्या स्मृतीसाठी रुग्णालयाला नाव दिले, तो महापुरुष मात्र नित्याच्या बोलण्यातून वगळला गेला.

रस्त्यांच्या बाबतीत याहून वेगळे घडत नाही. या शहराचा कणा असलेला जी. ई. रोड म्हणजे 'ग्रेट ईस्टर्न रोड', नागपूरहून पूर्वेकडे जाणारा इंग्रजी अमदानीतला राजमार्ग. साम्राज्य गेले, पूर्ण नावही विस्मृतीत गेले, दोन अक्षरे तेवढी राहिली. पण साम्राज्याच्या नावाचे जे झाले, तेच महात्मा गांधींच्याही नावाचे झाले. त्यांचा रस्ता येथेही 'एम. जी. रोड'च आहे. पुण्यात जंगली महाराज 'जे. एम.' झाले, मुंबईत स्वामी विवेकानंद 'एस. व्ही.' आणि लालबहादूर शास्त्री 'एल. बी. एस.'. आदरापोटी नाव लांबवावे आणि लोकांनी ते इंग्रजी आद्याक्षरांत गुंडाळावे, हा आपल्या नागरी जीवनातील एक विलक्षण व्यवहार आहे.

अलीकडे तर विशेषणांची स्पर्धाच लागली आहे. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग' आहे. मार्च २०२४ मध्ये वाहतुकीस खुला होऊ लागलेला मुंबईचा किनारी रस्ता 'धर्मवीर स्वराज्यरक्षक छत्रपती संभाजी महाराज मुंबई किनारी रस्ता' आहे. प्रवासी मात्र 'समृद्धी'ने जातात आणि 'कोस्टल'ने येतात. यात कोणी कोणाचा अनादर करत नाही. जिभेला जेवढे पेलते तेवढेच ती उचलते.

मग अशी नावे मंजूर का होतात? ज्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांचे कामकाज जवळून पाहिले आहे, त्यांना उत्तर ठाऊक आहे. नामकरणाच्या ठरावाला विरोध करणे म्हणजे त्या थोर व्यक्तीला विरोध करणे, असा अर्थ काढला जातो. त्यामुळे एका सदस्याने एक उपाधी सुचवली की दुसरा आणखी एक जोडतो, आणि टिप्पणी लिहिणारा अधिकारी मौन पाळतो. विशेषण वाढवायला खर्च नाही, कापायला मात्र धैर्य लागते. या मौनाचे समर्थन करता येईल असे मला वाटत नाही. नाव सुटसुटीत ठेवावे, हा सल्ला देणे प्रशासनाच्या कर्तव्यातच मोडते. केंद्रीय गृह मंत्रालयाने १९५३ मध्येच गावांची नावे विशेष कारणाविना बदलू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे राज्यांना कळवली होती. ती कपाटातच बरी, असा आपला समज दिसतो.

नुकसान केवळ भाषिक नाही. रस्त्याचे नाव बदलले की मालमत्ता कराची नोंदवही, वीजबिल, मतदार यादी आणि आधार यांतील पत्ते निरनिराळ्या वेळी बदलतात, किंवा बदलतच नाहीत. एकाच घराचे तीन पत्ते होतात. पारपत्राच्या पडताळणीत अडकलेल्या नागरिकाला हे विचारा. रात्री १०८ वर दूरध्वनी करणारा घाबरलेला माणूस तर फलकावरचे नाव सांगतच नाही. तो तोंडात बसलेले नाव सांगतो. २०२५ मध्ये टपाल खात्याने दहा चिन्हांचा 'डिजिपिन' आणला आहे. त्याने जागा अचूक सापडेल, पण संकटात ती दहा चिन्हे किती जणांना आठवतील?

इंग्लंडमधील यॉर्क शहरात 'व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट' नावाची एक गल्ली आहे. गल्ली इवलीशी, नाव तिच्याहून लांब. पण ते नाव कोणाच्या सन्मानार्थ ठरावाने दिलेले नाही, शतकानुशतके जिभेवर घासून झालेले आहे, आणि त्याचा इतिहास सांगणारी छोटी पाटी तेथे लावलेली आहे. आपल्या फलकांवरही ठळक अक्षरांत दोन शब्द आणि खाली बारीक अक्षरांत पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षे व दोन ओळींचे कार्य असे का असू नये?

रायपूरच्या मराठी माणसाला तर याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. वामन बळीराम लाखे हे स्वातंत्र्यसैनिक, सहकारी चळवळीतील अग्रणी आणि १९०० मध्ये पेंड्र्याहून निघालेल्या 'छत्तीसगढ मित्र' या मासिकाचे प्रकाशक. त्यांच्या नावाची वस्ती साधी 'लाखे नगर' आहे. त्या मासिकाचे संपादक माधवराव सप्रे यांची शाळा साधी 'सप्रे शाळा' आहे. दोन्ही नावे हिंदी आणि छत्तीसगढी बोलणारे लोक दिवसातून अनेकदा पूर्ण उच्चारतात, कोणी 'व्ही. बी. एल. नगर' म्हणत नाही. उलट ज्या तलावाकाठी विवेकानंदांच्या बालपणीच्या आठवणी जपल्या जातात, तो 'विवेकानंद सरोवर' होऊनही लोकांचा 'बूढा तालाब'च राहिला आहे, कारण तेथे जुने नाव आधीच रुजलेले होते.

नवा रायपूर आता 'नवा रायपूर अटल नगर' आहे. तेथील विभाग आजही मुख्यतः सेक्टरच्या क्रमांकांनी ओळखले जातात. तेथे पुसून टाकावे असे जुने नाव नाही. एखाद्या रस्त्याला सप्र्यांचे नाव द्यायचे झाल्यास येथील महाराष्ट्र मंडळाने मागणीपत्रात 'सप्रे मार्ग' एवढेच लिहावे, पुढेमागे काही जोडू नये.