डिझेलला कोटा आहे, मग मासळीला का नाही?

कोकणातल्या बंदरांवर 'कोटा' हा शब्द नवा नाही. तिथे तो डिझेलचा असतो. मच्छीमार सहकारी संस्थांच्या यांत्रिक नौकांसाठी शासन दरवर्षी करमुक्त डिझेलचा कोटा मंजूर करतं. नौका किती, इंजिनाची ताकद किती, कागदपत्रं पुरी आहेत की नाहीत, याची छाननी होते आणि लिटरचा आकडा ठरतो. म्हणजे समुद्रात जाताना टाकीत काय गेलं, याचा हिशोब सरकार ठेवतं. परत येताना बोटीत किती मासळी असावी, याला मात्र वरची मर्यादा नाही. या हंगामात राज्यभरात बांगडा इतके टनच, त्यापुढे नाही, असा आकडा महाराष्ट्रात कुणी ठरवत नाही. वाईट म्हणजे कुणी मागतही नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हा आकडा ठरला पाहिजे, तो जाहीर झाला पाहिजे, आणि तो वाढवण्याचा अधिकार मंत्र्याच्या हातात असता कामा नये.

आधी आपल्याकडे काय आहे ते पाहू, कारण 'नियम खूप आहेत, अंमलबजावणी नाही' हे वाक्य लगेच ऐकू येतं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांत गेले. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली. पर्ससीन जाळ्यांवर राज्यानं २०१६ मध्ये निर्बंध आणले, त्यांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ दिला. २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरला. पापलेट १३५ मिलीमीटरपेक्षा लहान असेल तर पकडायचं नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मानही मिळाला.

ही यादी पुन्हा वाचा. कधी पकडायचं, कशानं पकडायचं, केवढा मासा पकडायचा, हे सगळं त्यात आहे. किती पकडायचं, हे कुठेच नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूच्या पर्ससीनवाल्यांना बारा सागरी मैलांपलीकडे अंतरिम परवानगी दिली, तीही आठवड्यातले दोन दिवस अशी. तिथेही मोजले ते दिवस, मासे नाहीत.

दिवस मोजून मासे वाचत नाहीत, हे साध्या गणितानं कळतं. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातले ६१ गेले, उरले ३०४. त्या ३०४ दिवसांत इंजिन मोठं करा, जाळं मोठं करा, सोनार बसवा, बोट दुप्पट करा. नियम एकही मोडला नाही आणि उपसा मात्र वाढला. बंदीच्या दोन महिन्यांत समुद्रानं जे साठवलं, ते १ ऑगस्टनंतर आधी कोण पोहोचतो त्याचं.

आधी कोण पोहोचतो, हे काही गुपित नाही. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एखादी सामायिक सेवा शेकडो लोक वापरणार असतील, तर तिला 'रेट लिमिट' लावणं हे अगदी प्राथमिक काम असतं. वापरणारे लबाड असतात असं नाही. पण मर्यादा नसेल तर ज्याच्याकडे सगळ्यात जास्त मशीन आहेत तो सगळी सेवा खाऊन टाकतो, आणि एका लॅपटॉपवर काम करणारा पोरगा ताटकळत बसतो. मर्यादेचा पहिला फायदा त्या पोराला होतो. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तो पोरगा म्हणजे रापणकर. रापण किनाऱ्यावरून ओढतात. तीस-चाळीस माणसं दोर खेचतात आणि मिळेल त्याचे वाटे घालतात. रापणकर माशाच्या मागे जाऊ शकत नाही, मासा किनाऱ्याशी यायची वाट पाहतो. खोल पाण्यात पर्ससीननं बांगड्याचा अख्खा थवा घेरून उचलला, तर रापणीत येणार काय? पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातला संघर्ष वर्षानुवर्षं पेटलेला आहे तो यावरून. आपण त्याला 'कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न' म्हणतो. मुळात तो वाटणीचा प्रश्न आहे, आणि एकूण किती हेच ठरलेलं नसेल तर वाटणी कशाची करणार?

आता दुसरी बाजू. 'मर्यादा लावून काय होतं? कॅनडात मर्यादा होतीच की, तरी मासा संपला.' हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड आहे. तिथल्या कॉड माशावर युरोपनं शतकानुशतकं पोट भरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी महाकाय ट्रॉलर आले. मासा पकडायचा, बोटीवरच कापायचा, तिथेच गोठवायचा. १९६८ मध्ये एका वर्षात आठ लाख टनांच्या आसपास कॉड निघाला. १९७७ मध्ये कॅनडानं दोनशे सागरी मैलांचा पट्टा ताब्यात घेतला आणि तिथली वार्षिक मर्यादा स्वतः ठरवू लागला. शास्त्रज्ञ होते, सर्वेक्षणं होती, आकडा होता. तरीही २ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांना कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० माणसांचं काम एका घोषणेनं गेलं. पुढच्या दहा वर्षांत प्रांताची लोकसंख्या साधारण दहा टक्क्यांनी घटली. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून आली होती; ती अधिकृतपणे उठायला २०२४ उजाडलं. तेव्हा ठरलेली मर्यादा होती १८,००० टन. आठ लाखांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

मग चुकलं कुठे? दोन ठिकाणी. पहिली चूक मोजणीची. साठ्याचा अंदाज बांधताना ट्रॉलरना तासाला किती कॉड मिळतो, या आकड्यावर मोठी भिस्त होती. कॉड कमी होत गेला तसे उरलेले मासे थोड्या जागांवर दाटीनं गोळा होत गेले, आणि ट्रॉलरकडे त्या जागा शोधायची यंत्रं होती. त्यामुळे समुद्र रिकामा होत असताना ट्रॉलरची जाळी भरत राहिली आणि आलेख चांगला दिसत राहिला. ज्यांनी सर्व्हर सांभाळले आहेत त्यांना हा प्रकार माहीत असेल: डॅशबोर्डवर सगळं हिरवं आणि खाली आग. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे लोक ऐंशीच्या दशकात सांगत होते की मासा येत नाहीये, आला तरी लहान येतोय. त्यांचं म्हणणं आकड्यांत बसत नव्हतं, म्हणून ते बाजूला राहिलं.

दुसरी चूक राजकारणाची. अखेर शास्त्रज्ञांना आपला अंदाज फुगलेला असल्याचं कळलं. १९८९ साठी त्यांच्या हिशोबातून १,२५,००० टनांचा आकडा निघाला. सरकारनं ठरवले २,३५,००० टन. कारखाने बंद पडतील, लोक बेकार होतील, हे कारण होतं. तीन वर्षांनी कारखाने बंद पडले आणि लोक बेकार झाले.

म्हणून न्यूफाउंडलंडचा धडा 'मर्यादा निरुपयोगी' असा होत नाही. आकडा ठरवणाऱ्याला आकडा वाढवून फायदा होत असेल, तर तो वाढणारच, असा तो धडा आहे. अमेरिकेनं तो कायद्यात उतरवला. तिथे मच्छीमार, व्यापारी आणि राज्यांचे प्रतिनिधी असलेल्या प्रादेशिक परिषदा मासेमारीचे नियम करतात. २००६ च्या दुरुस्तीनं वार्षिक मर्यादा सक्तीची झाली, आणि शास्त्रीय समितीनं सांगितलेल्या आकड्याच्या वर जायला परिषदांना मनाई झाली. खाली जा, वर नाही. २००० पासून तिथे खालावलेले सुमारे ५० साठे सावरले आहेत. पेरूमध्ये अँचोव्हीच्या प्रत्येक हंगामाआधी समुद्राचं सर्वेक्षण होतं आणि त्यावरून कोटा ठरतो. २०२३ मध्ये एल निनो आला, सर्वेक्षणात पिल्लंच जास्त सापडली, तेव्हा वर्षाचा पहिला हंगाम रद्द झाला. पेरू काही श्रीमंत देश नाही, आणि अँचोव्ही हा तिथला किरकोळ धंदा नाही.

'आपला समुद्र उष्ण कटिबंधातला, एका जाळ्यात तीस जातींचे मासे येतात, इथे कोटा कसा लावणार?' ट्रॉलर आणि डोल जाळ्यांपुरतं हे बरोबर आहे. उद्या सकाळी बोंबील, कोळंबी, मांदेली, ढोमा अशा प्रत्येकाचा वेगळा कोटा लावा, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर जादाचा मासा मेलेल्या अवस्थेत समुद्रात फेकला जाईल, आणि कागदावर सगळं छान दिसेल. पण पर्ससीनचं काय? ते जाळं थवा पाहून टाकतात. थवा बांगड्याचा असतो, तारलीचा असतो. तिथे जातींची भेळ हे कारण चालत नाही. सुरुवात तिथून करा.

'हे मासे भराभर वाढतात, कॉडसारखे नाहीत.' भराभर वाढतात आणि भराभर कोसळतातही. केरळात २०१२ मध्ये जवळपास चार लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये ३,२९७ टन. यात समुद्राच्या हवामानाचा मोठा हात होता. पण निसर्ग असा लहरी असेल तर उपसा मोकाट सोडायचा, की दर हंगामाला बदलणारा आकडा ठेवायचा? महाराष्ट्रातही २०१९ मध्ये २.०१ लाख टन मासळी उतरली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांनी बोटी किनाऱ्याला बसवल्या होत्या, हे खरं. पण वाईट वर्षासाठी काही राखून ठेवायचं असतं, हे शेतकऱ्याच्या घरात शिकवावं लागत नाही.

'मोजणार कोण?' केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आजही निवडक बंदरांवर नमुने घेऊन देशभराचा अंदाज काढते. तो शास्त्रीय आहे, पण तो वर्षाचा ताळेबंद आहे. मर्यादेसाठी रोजचं मीटर लागतं. पर्ससीनची मासळी मोजक्या मोठ्या बंदरांवर उतरते, तिचा लिलाव होतो, वजन होतं, पैसे दिले जातात. म्हणजे आकडा तयार होतोच, फक्त तो व्यापाऱ्याच्या वहीत राहतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांनी एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू केली. बोट कुठे आहे हे उपग्रहावरून कळणार असेल, तर ती धक्क्याला लागल्यावर तिच्यात किती किलो बांगडा आहे हे कळायला अवकाशशास्त्र लागत नाही. वजनकाटा लागतो. भाजीवाल्या मावशींचा हिशोब यूपीआयवर आणणाऱ्या देशाला हे जमणार नाही, यावर माझा विश्वास नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप शेवटी. कोटा आला की तो विकला जाईल, आणि चार धनदांडगे समुद्र विकत घेतील. आइसलँडमध्ये याचा अनुभव आला. १९८४ मध्ये तिथे आधीच्या तीन वर्षांत कुणी किती पकडलं, यावरून बोटींना कोटे वाटले. पुढे ते विकायची मुभा मिळाली, आणि कोटे थोड्या हातांत गोळा झाले. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं ही वाटणी अन्यायकारक ठरवली. मासा वाचला, पण गावं रिकामी झाली तर तो न्याय नव्हे. म्हणून महाराष्ट्रात कोटा विकण्याजोगी मालमत्ता होता कामा नये. एकूण आकड्यातला रापणकरांचा आणि छोट्या होड्यांचा वाटा आधी बाजूला काढा, उरलेला मोठ्यांना द्या. आणि जुन्या पकडीवरून वाटे ठरवू नका; नाहीतर आजवर ज्यानं जास्त ओरबाडलं, त्यालाच बक्षीस मिळेल.

मागणी इतकीच आहे. बांगडा आणि तारली या दोन माशांपासून सुरुवात करा. हंगामाआधी शास्त्रज्ञांनी आकडा सांगावा. मंत्र्यांना तो कमी करता यावा, वाढवता येऊ नये. ठरवणाऱ्यांत किनाऱ्यावरचा छोटा मच्छीमार बसलेला असावा. बंदराबंदरावरची रोजची आवक प्रत्येकाला फोनवर दिसावी, आणि आकडा भरला की मोठी जाळी किनाऱ्यावर यावीत.

यातून खलाशांचे काही दिवस बुडतील, काही मालकांचे हप्ते थकतील. त्यांना त्या काळासाठी मदत द्यावी लागेल आणि ती सरकारनं द्यावी. न्यूफाउंडलंडमध्येही सरकारी तिजोरीतून मदत गेली होती, फक्त मासा संपल्यानंतर. ती आधी दिली तर काही महिन्यांची असते, नंतर दिली तर वर्षानुवर्षांची.

एखाद्या माशाला राज्यमासा म्हणायला एक समारंभ पुरतो. तो मासा समुद्रात राहावा असं वाटत असेल, तर कुणीतरी एक आकडा लिहून त्याखाली सही करावी लागते. आपल्याकडे लिटरच्या आकड्याखाली ती सही दरवर्षी होते. टनांच्या आकड्याखाली कधी होणार, हा प्रश्न तुमच्या आमदाराला विचारा.