वार्षिकांकाची मागची पाने

महाविद्यालयाचा वार्षिकांक हाती पडताच विद्यार्थी प्रथम स्वतःचे नाव शोधतो आणि ते सापडले की अंक कपाटात जातो. चाळीस वर्षांनी तोच अंक नातवंडांच्या हाती लागतो, तेव्हा त्यातील कथा-कविता सहसा कोणी वाचत नाही. वाचली जातात ती छायाचित्रांखालची नावे, पारितोषिकांची यादी आणि अखेरच्या जाहिराती. संपादक मंडळांना हे रुचणार नाही. परंतु काळाची विश्वासार्ह नोंद बहुधा याच पानांवर असते.

अमेरिकेतील ‘इयरबुक’मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याचे छायाचित्र नावासह छापण्याची रीत आहे. आपल्याकडील वार्षिकांकाने मात्र वाङ्मयीन नियतकालिकाचे वळण घेतले. पुण्याचा ‘फर्ग्युसनियन’ असो वा तालुक्याच्या गावातील एखादा साधा अंक, प्राचार्यांचे मनोगत, मराठी-हिंदी-इंग्रजी विभाग, जिमखान्याचा अहवाल आणि मालकीविषयीचे फॉर्म क्रमांक ४ हा साचा पिढ्यान्‌पिढ्या टिकला. छायाचित्रांना त्यात जागा थोडी असे आणि त्यामागे निव्वळ हिशेब होता. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक छायाचित्रासाठी धातूचा ब्लॉक करून घ्यावा लागे, शिवाय आर्ट पेपरचा खर्च वेगळा. त्यामुळे विद्यार्थी प्रतिनिधी, क्रिकेटचा संघ आणि गुणवंत एवढ्यांचीच चित्रे निघत. पदवी घेऊन, किंवा ती अर्धवट सोडून, मुकाट्याने दुकानाच्या गादीवर बसलेला मुलगा त्यांत सापडत नाही. ऑफसेट आल्यावर रंगीत चित्रांची रेलचेल झाली आणि लेख आखूड होत गेले.

लेखांतही काळ दिसतो, पण थोड्या सावधपणे पाहावा लागतो. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७२ चा दुष्काळ पडला, १९९१ नंतर उदारीकरण आले. वाणिज्य शाखेच्या मुलांना या विषयांवर निबंध लिहावेच लागले. मात्र त्यांतील कितीतरी वाक्ये वर्तमानपत्रातून उचललेली वाटतात. आणीबाणीच्या काळातील अंकांत तर संपादकीय कशाविषयी गप्प आहे, हेच अधिक बोलके ठरते. याला सन्माननीय अपवाद आहेत. दलित साहित्याच्या इतिहासात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या नियतकालिकाचा उल्लेख होतो, तो तेथील विद्यार्थ्यांनी उसन्या शब्दांत न लिहिल्यामुळेच.

आता छायाचित्रांखालची नावे. ‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’ अशा दोन ओळी, आधी आडनाव, मग आद्याक्षरे. मुलींच्या नावामागे ‘कु.’ एवढेच अधिक. जुन्या चित्रांत एका टोकाला दोन-तीन मुली अवघडून बसलेल्या असतात. पुढच्या दशकांत त्यांची संख्या वाढते, जागा मध्यभागी सरकते आणि कधीतरी ‘कु.’ गळून पडते. मुलींच्या शिक्षणाची वाटचाल समजायला एवढे पुरे आहे. परंतु या मुलींचा पुढे माग लागत नाही. लग्नात आडनाव बदलले, अनेक घरांत पहिले नावही बदलले. वक्तृत्वात प्रथम आलेली, अकाउंटन्सीत सर्वाधिक गुण मिळवलेली ती मुलगी सासरी गेली आणि घरच्या खतावणीपलीकडे तिच्या हिशेबीपणाला वाव उरला नाही. आजी कधी महाविद्यालयात होती हेच नातवंडांना ठाऊक नसते. माहेरच्या आडनावाने छापलेली ती एक ओळ हाच अनेकदा एकमेव छापील पुरावा असतो.

जाहिरातींचे पान उलटताना व्यापारी घरांतील वाचक हमखास थबकतील. आडत दुकान, सराफी पेढी, तेल गिरणी, कापडाचे दालन आणि खाली ‘शुभेच्छांसह’. या जाहिरातींनी गिऱ्हाईक किती वाढले असेल, हा प्रश्नच आहे. मुले पावतीपुस्तक घेऊन दारी आली की नाही म्हणवत नसे. शिवाय आपलाही मुलगा तिथेच शिकत असे. फोन क्रमांक तीन आकडी, सोबत तारेचा पत्ता. तार सेवा २०१३ साली बंद झाली. त्या पेढ्यांपैकी काहींच्या पाट्याही उतरल्या. भागीदारांची नावे, वाटणीपूर्वीचे एकत्र दुकान, आता न उरलेला पेठेतील पत्ता हे सारे या पानांवर सुखरूप आहे.

मात्र ही पाने किती दिवस राहतील, हा प्रश्न आहे. घरातील प्रती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. ग्रंथालयांना जागा अपुरी पडते आणि बाद करायच्या पुस्तकांच्या ढिगात वार्षिकांक लवकर जाऊन पडतात, कारण त्यांना मागणी नसते. अलीकडचे कित्येक अंक केवळ पीडीएफ रूपात निघतात. महाविद्यालयाचे संकेतस्थळ नव्याने बांधले की जुना दुवा उघडत नाही. बांधीव खंड अजून जिथे टिकले आहेत, तिथे ग्रंथपालांकडे अर्ज करून ते पाहता येतात. आजी हयात असेल तर प्रथम तिला तिचे माहेरचे पूर्ण नाव आणि पदवीचे वर्ष विचारून घ्यावे.