चिखलाची वकिली

जेथें पाय रोंवून उभें राहतां येत नाहीं तेथें कांहींच नसतें, अशी आपल्यांतील पुष्कळांची समजूत आहे. मुलुंड, भांडुप, घाटकोपर येथील रहिवासी पूर्वेकडे पाहतो, ओहोटीनें उघडा पडलेला ठाण्याच्या खाडीचा चिखल त्याला दिसतो, आणि 'एवढी जागा फुकट पडली आहे!' असा उद्गार त्याच्या मुखांतून निघतो. सामान्य माणसाचें हें अज्ञान क्षम्य आहे. परंतु तेंच अज्ञान गणिताचा झगा पांघरून येतें, तेव्हां त्याचा समाचार घेणें प्राप्त होतें.

खाडीवर पूल बांधावयाचा असो कीं भराव घालावयाचा असो, हल्लीं प्रथम संगणकावर तिची प्रतिकृति तयार करतात. खाडीचे चौकोन पाडावयाचे, आणि प्रत्येकांत पाणी किती चढेल व किती वेगानें वाहील हें काढावयाचें. या विद्येविषयीं आम्हांस आदरच आहे. पण ओहोटीला जो चौकोन उघडा पडतो, तो या हिशेबांत पुष्कळदां केवळ 'कोरडा' ठरतो. आणि 'पाण्याच्या पातळींत लक्षणीय फरक नाहीं' एवढ्या वाक्यावर चिखलाचा निकाल लागतो.

त्या कोरड्या चौकोनांत काय असतें? चिखलावर सूक्ष्म शैवालाची पातळ साय धरलेली असते. तिच्यावर किडे, शिंपले, निवट्या जगतात. त्यांच्यावर चिंबोऱ्या, मासे व पाणपक्षी. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत येथें उतरणारे रोहित पक्षी चोंचीनें गाळून खातात तें हेंच अन्न. त्यांच्यासाठीं २०१५ सालीं सुमारें १,६९० हेक्टरांचें अभयारण्य झालें, आणि २०२२ सालीं तें रामसर यादींत गेलें. हीच साय आपल्या चिकट स्रावानें गाळाचे कण बांधून ठेवते. तिला वगळलें कीं गाळाचें गणितहि चुकतें. शिवाय भरतीचें पाणी या सपाटीवर पसरतें आणि परततांना खाडीचा तळ खरवडीत जातें. सपाटी भरून टाका, म्हणजे आंत शिरणारें पाणी घटेल, ओहोटीचा जोर मंदावेल आणि गाळ सांचेल. चिखल बुजविणारा अखेर खाडीच बुजवितो.

कायदा आहे ना, असें कोणी म्हणेल. आहे खरा. तिवरांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानें राज्यभर संरक्षण मिळालें. २०११ व २०१९ च्या किनारा-अधिसूचनांनीं चिखलाच्या सपाटीलाहि सर्वांत कडक वर्गांत घातलें. परंतु एका अटीवर. ती 'जैविकदृष्ट्या क्रियाशील' असली पाहिजे! हा दाखला देणार कोण? ज्याला भराव घालावयाचा, त्यानेंच नेमलेला तज्ज्ञ! त्यानें भर पावसाळ्यांत पाहणी केली, तर रोहितांचे थवे त्याला कोठून दिसावे? आणि शहराच्या सांडपाण्यानें एखादा तुकडा खरोखरच निर्जीव झाला असेल, तर तो आम्हींच मारलेला आहे; मारल्याचें बक्षीस म्हणून तो भरावास द्यावयाचा काय?

आमचें मागणें एवढेंच. चिखल जिवंत आहे असें गृहीत धरावें. उलट सिद्ध करण्याचा भार भराव घालणारावर असावा. प्रतिकृतींत पाण्याइतकेंच स्थान शैवालाला व माशांना मिळावें, मोजणी सर्व ऋतूंत व्हावी, आंकडे लोकांपुढें यावे. आणि खाडीवर पोट असलेल्या कोळ्यांची साक्ष घ्यावी. त्यांना चौकोन पाडतां येत नसतील. पण कोणत्या चिखलांत निवटी उरली नाहीं, हें ते नकाशावांचून सांगतील.