माळ रिकामा नसतो

थंडीतला एक रविवार पाखरांसाठी राखून ठेवायचा, हा आमच्या घरचा रिवाज. यंदा नातवाला घेऊन भिगवणला गेलो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी इथवर पसरलेले आहे.

उजाडता उजाडता होडीत बसलो. उथळ पाण्यात रोहित पक्षी चोची उलट्या बुडवून खाद्य गाळत होते. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे पट्टकादंब काठावर चरत होते. हिमालय ओलांडून आलेले हे पाहुणे! अंग काळे नि कपाळावर पांढरा टिळा, अशा पाणपक्ष्याला ‘वारकरी’ म्हणतात, हे ऐकून नातू खूश झाला. सकाळभरात त्याच्या वहीत अठरा नावे जमली.

दुपारी पिठलं-भाकरी खाऊन आम्ही इंदापूर तालुक्यातल्याच कडबनवाडीच्या माळरानाकडे वळलो. तिथे मात्र स्वारी हिरमुसली.

“आजोबा, इथं तर काहीच नाही!”

खरेच, डोळ्यांना फक्त वाळके गवत, खडे आणि खुरट्या बाभळी दिसत होत्या. मेंढरे घेऊन निघालेले एक धनगरबाबा हसून म्हणाले, “दिस बुडंपातुर थांबा, बाळ. पाखरं हितंच झोपाया येत्यात.”

थांबलो. आधी पायांसमोरूनच एक धाविक तुरुतुरु पळाला. मातीच्याच रंगाचा, म्हणून तोवर दिसला नव्हता. मग पखुर्ड्या उडाल्या. पखुर्डीचा नर तळ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवतो आणि ते पाणी दूर माळावरच्या पिल्लांना नेऊन पाजतो. तळे आणि माळ यांचे नाते असे आहे! सूर्य टेकला आणि एकेक करून भोवत्ये आले. राखाडी नर, तपकिरी माद्या. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून येणारे हे शिकारी पक्षी रात्री झाडावर नव्हे, गवतात जमिनीवर झोपतात. नातू मोजता मोजता चौदावर थांबला. अंधार पडला होता.

मला मात्र जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने अशाच एका ‘पडीक’ माळावर खड्डे खणून दोनशे रोपे लावली होती. फोटो काढले, लाडू वाटले. त्या गवतात कोण राहते, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. झाड लावणे पुण्याचेच, पण गावात, बांधावर, उजाड झालेल्या जंगलात. उघड्या गवतावर जगणाऱ्या पाखराचे घर झाडांच्या दाटीत हरवते. माळढोकाच्या तर नावातच माळ आहे. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली अभयारण्य झाले. तरीही आज तो महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. नांगरट, शिकार आणि आमच्यासारख्यांचा अजाण उत्साह, सगळ्यांचाच त्यात वाटा.

तेव्हा मंडळी, तुम्ही देशात कुठेही असा, या थंडीत गावाजवळच्या तळ्यावर जरूर जा. मातकट रंगाचे कपडे घाला, दुर्बीण आणि वही घ्या. होडी थव्यात घालण्याचा आग्रह नावाड्याला करू नका. आणि परतताना शेजारच्या ओसाड वाटणाऱ्या माळावर तासभर गुपचूप बसा.

घरी आल्यावर नातवाने वहीत एकोणिसावे नाव लिहिले: धाविक. त्यापुढे कंसात, ‘काहीच नाही, तिथे दिसला.’